मुद्दाम हरलेले डाव

सात वाजले आणि स्क्रीनवरची बॅट जागच्या जागी थिजली. चेंडू आरामात शेजारून निघून गेला. इंजिनिअरने माउस आपटला, केबल काढून पुन्हा लावली. दोन मिनिटांपूर्वी हीच बॅट कशी झरझर सरकत होती!

खुर्ची त्याच्या दादाची होती. दादा जाऊन महिना झाला होता. "हा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू, पण आधी त्यात यांचं काय काय आहे ते बघा, भाऊजी," म्हणून वहिनीने त्याला, धाकट्या दिराला, बोलावून घेतलं होतं. उघडून बघतो तर समोर टेबल टेनिसचा तोच खेळ.

लहानपणी दोघे जेवणाच्या टेबलावर जाड पुस्तकं उभी करून खेळायचे. धाकटा रडकुंडीला आला की दादा हळूच हरायचा. धाकट्याला ते बरोब्बर कळायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढे नोकऱ्यांनी दोघांना दोन गावांना नेलं, तेव्हा हा ऑनलाइन खेळ सापडला. रोज साडेसहाला, न चुकता. गेल्या वर्षी मात्र सात वाजले की दादा रंगात आलेला डाव सोडून द्यायला लागला. बॅट हलवायचाच नाही. म्हणजे पुन्हा तेच! शेवटी धाकट्याने लिहून पाठवलं, "मुद्दाम हरायचं असेल तर खेळू नकोस. मी आता लहान नाही."

दादाचं उत्तर आलं, "बरं." त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. बोलणंही कामापुरतंच उरलं.

आता त्याची नजर खिडकीतल्या राउटरकडे गेली. तो ज्या ब्रॉडबँड कंपनीत इंजिनिअर होता, तिचंच नाव त्यावर होतं. दादाने कुणाचं कनेक्शन घेतलंय, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

अनलिमिटेड म्हणून विकलेल्या प्लॅनवर सात ते दहा गेमचा वेग दाबायचा आणि सिनेमे पुढे जाऊ द्यायचे, हा नियम त्यानेच लिहिला होता. कर्मचाऱ्यांच्या घरच्या लाइन तेवढ्या वगळल्या होत्या, त्यामुळे त्याच्या घरी कधी काही अडकलं नाही. सुरुवातीला, गेल्या वर्षी, नियम मोजक्या भागांत लावून बघितला. गेमची एक जरी तक्रार आली तरी त्या भागात तो उठवायचा, असं ठरलं होतं. या भागातून एकही आली नाही. अहवालात त्याने ते फुशारकीने लिहिलं होतं.

"वहिनी, दादाचा खेळ असा अडकायचा?"

"रोज. सात वाजले की नुसते चडफडत बसायचे."

"मग तक्रार का नाही केली त्याने? एक फोन पुरला असता हो!"

वहिनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी तेच म्हणायचे. एकदा तर नंबर लावून फोन हातात दिला. तर ठेवून दिला आणि मलाच म्हणाले, 'धाकट्याच्या कंपनीची तक्रार? आणि ती मी करू?'"