न हलणारा कॅमेरा

“याला कार्डाचे खण दोन आहेत आणि त्याला एक,” काउंटरमागच्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

दातांच्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि दोन्ही कॅमेरे पुन्हा उचलून पाहिले. एक जड, एक हलका. जड हातात नीट बसत होता, हलका गळ्यात सुखाचा होता. मग त्यांनी बॅटरी किती टिकते ते विचारलं. तेही दुसऱ्यांदाच. एकदा समोरच्या फळीवर नेम धरून बटण दाबा, फरक आपोआप कळेल, असं बाईंनी कितीदा तरी सांगून झालं होतं. पण डॉक्टर ते एक बटण सोडून सगळीकडे बोट लावत होते. त्यांची बायको शेजारच्या स्टुलावर गालावर हात ठेवून बसली होती. तिची अक्कलदाढ ठणकत होती.

घरी त्यांनी तिला सांगितलं होतं, की एका कॅमेऱ्याने आता भागत नाही. एकाला लांबची लेन्स, दुसऱ्याला जवळची, असं हवं. लेन्स बदलेपर्यंत पक्षी काय वाट बघत बसतो? एरवी हौसेच्या या खरेद्यांवर ती दोन टोमणे तरी मारायचीच. या वेळी मात्र बरं म्हणाली, आणि मीही येते म्हणाली.

खरं कारण डॉक्टरांच्या पोटातच होतं. तीन महिने त्यांचे सगळे फोटो हललेले येत होते. बगळा म्हणजे तासभर पुतळ्यासारखा उभा राहणारा प्राणी, पण तोसुद्धा फोटोत दुहेरी यायचा. लेन्स बदलून झाली, उजेड बदलून झाला. उरला तो हात. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. वडिलांचा हात याच वयात थरथरायला लागला होता. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त बारीक स्क्रू तेवढे जागेवर बसेनात. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. घड्याळ तरी बिचारं टेबलावर पडलेलं असतं. इथे तर जिवंत माणसाच्या तोंडात ड्रिल घालायचं!

मन चिंती ते वैरी न चिंती. डॉक्टर अवघड दाढा गुपचूप एका जुन्या विद्यार्थिनीच्या दवाखान्यात पाठवायला लागले. बायकोलाही तिकडे जा म्हणून सांगून पाहिलं. घरात डॉक्टर असताना मी दुसऱ्यांपुढे तोंड कशाला उघडू, असं म्हणून तिने विषयच संपवला. मग ‘जरा सूज उतरू दे’ यावर तीन महिने निघाले.

घरात ट्रायपॉड होता. तो त्यांनी मुद्दामच बाहेर काढला नव्हता. ट्रायपॉडवर फोटो स्वच्छ आला असता, तर दोष कुणाचा हे कायमचं ठरलं असतं. त्याऐवजी ते रोज सकाळी आरशासमोर हात ताणून उभे राहायचे. हात सरळ दिसायचा. पण वडिलांचाही सुरुवातीला तसाच दिसायचा. त्यात हल्ली बायकोचं चहाचं माप सुटलं होतं. कप इतका काठोकाठ भरायची, की तो बशीसकट गॅलरीपर्यंत नेताना डॉक्टरांचा जीव मेटाकुटीला यायचा. यात काय पोहायला उतरायचंय का, असं त्यांनी आज सकाळीच वैतागून विचारलं होतं. ती नुसती हसली होती.

शेवटी प्रश्न संपले. डॉक्टर बायकोकडे पाठ करून पुढे वाकले.

“बाई, खरं सांगतो. हात हलला तरी फोटो हलणार नाही, असा यातला कोणता?”

“हात हलतो असं कोण म्हणतं?”

डॉक्टरांनी पिशवीतून जुना कॅमेरा काढला आणि फोटो दाखवले. बाईंनी चार-पाच पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि कॅमेरा कानाशी धरला. मग तो दुकानातल्या ट्रायपॉडवर घट्ट बसवला, फळीवरच्या खोक्यांवर रोखला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि दोन पावलं मागे सरकल्या. तीन महिने जे टाळलं, ते या परक्या बाईंनी अर्ध्या मिनिटात समोर आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. कॅमेऱ्याचा खट् आवाज झाला.

“बघा,” बाई म्हणाल्या.

खोक्यावरची अक्षरं दुहेरी आली होती. कॅमेऱ्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता.

बाई हळहळत समजावू लागल्या. हादरे झेलणारी जी यंत्रणा आत असते तीच बिघडली आहे, कॅमेरा आतल्या आत थरथरतोय, दुरुस्तीला महिनाभर तरी लागेल, वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टर कुठले ऐकतायत! त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की पाय जमिनीवर आहेत याचीच खात्री नव्हती. कॅमेरा कामातून गेला आणि गिऱ्हाईक डोळे पुसत हसतंय, असं बाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी तो हलका कॅमेरा उचलला, बायकोवर रोखला आणि बटण दाबलं. फोटो मोठा करून पाहिला. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. हाच द्या, ते म्हणाले. मग बायकोजवळ गेले आणि उद्या सकाळी दवाखान्यात पहिला नंबर तुझा, असं बजावलं.

“उतरली वाटतं सूज,” ती म्हणाली.

डॉक्टर ओशाळले. “इतकं दुखणं अंगावर काढलंस. दुसरीकडे का नाही गेलीस?”

बायकोने गालावरचा हात काढला.

“तीन महिने रोज कप काठोकाठ भरून देतेय,” ती म्हणाली. “बशी एकदाही ओली आली नाही.”