भाग एकशे बारा, क्रमांक चारशे सात

"जजनं अजून मान वर करून माह्याकडे पाह्यलंबी नाही, अन् तुमी मले सजा देऊन मोकळे झाले."

जेलचे अधीक्षक वामनराव पहिलंच वाक्य वाचून थांबले. अर्ज शिसपेनीनं लिहिलेला, वहीतून फाडलेल्या कागदावर. वर नुसतं 'निवडणुकीचे मोठे साहेब.' अर्जदार इनायतुल्ला टेबलासमोर उभा होता.

"असा अर्ज असतो का, इनायतभाई? विनंती कुठाय यात?"

"विनंती पहिल्या दोन अर्जात होती, साहेब. ते कुठं गेले?"

वामनरावांनी अर्ज टेबलावर पालथा घातला. "कायद्यातच आहे. आत असलेल्याला मत नाही. शिक्षा झालेला असो, नाहीतर तुमच्यासारखा कच्चा कैदी. जामिनावर बाहेर असता तर चाललं असतं."

"म्हंजे केस तेच, मानूस तोच. फाटकाच्या भाईर मतदार, अन् फाटकाच्या आत कोनीच नाही."

इनायतुल्लाची केस सगळ्या बराकीला पाठ होती. सोयाबीन पेरलं, उगवलं नाही. दुसऱ्यांदा पेरलं, तेही मातीतच कुजलं. तक्रार घेऊन तो तीन खेपा गेला. चौथ्या खेपेला 'उद्या या' ऐकलं आणि त्यानं कृषी अधिकाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी घातली. दोन तास. त्या दोन तासांचे तीन महिने झाले होते, आणि पुढची तारीख पडली होती मतदान उरकल्यावरची.

ते बियाणं विकणारा शेषराव त्याच खोलीत बसला होता. खुर्चीवर. जठारपेठेतल्या दुकानाचा मालक, भेसळीच्या केसमध्ये आत आलेला, तोही इनायतुल्लाच्याच तक्रारीवरून; कडी घातल्यावर ती एकदाची घेतली गेली होती. म्हणजे हाही कच्चाच कैदी. पण आतल्या माणसाला मत देता येत नाही, उभं राहता येतं. विधानसभेचा त्याचा एक फॉर्म काल पोचला होता. उमेदवाराची शपथ आतच, अधीक्षकासमोर घ्यायची सोय आहे. तिच्यासाठी वामनरावांनी टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं होतं. एका उमेदवाराला एकाहून जास्त फॉर्म भरता येतात; शपथेसोबत आज आणखी एक जायचा होता. खास फॉर्म. अपक्षाचं नाव सुचवायला दहा मतदार लागतात. खाली नऊ सूचकांच्या सह्या, सगळ्यांत वरची ओळ कोरी.

"या इनायतभाई," शेषराव म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवली हे ओळ. पयला नंबर."

"मले कावून?"

"अहो, ज्यानं माह्या नावानं बोंब मारली, त्यानंच माहं नाव सुचवलं तं पब्लिक काय म्हनन? बोंबच खोटी होती म्हनन!" शेषराव खदखदून हसला. लपवायची त्याला गरजच वाटत नव्हती. "फुकट नाही म्हनून राहिलो. हे यशोधन वकील उद्याच तुमच्या जामिनाले लागतात. मतदानाच्या आत घरी. अन् पाहिजे तं माह्याच विरोधात टाका मत, जा!"

शेषरावाशेजारी उभे असलेले वकील यशोधन हसले नाहीत. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

इनायतुल्लानं ती कोरी ओळ पाहिली. त्याची बायको अनवरी परवा मुलाखतीला आली तेव्हा जाळीतून सांगत होती, 'यादी लागली. तुमचं नाव हाय तिथंच हाय.' अठरा वर्षांत त्याचं एक मत चुकलं नव्हतं. एका साली तापानं फणफणला असताना बैलगाडीत आडवा पडून गेला होता, आणि शाईचं बोट अनवरीला दाखवून मगच गोळी घेतली होती. एक सही केली की घर, अनवरी, शाळेपुढची ती रांग.

"पन मी तं आत हाव, वकीलसाहेब. माही सही चालते?"

"चालते ना. यादीत नाव आहे तो मतदार. सूचकाला तेवढंच लागतं."

त्यानं वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी मान हलवली. "सहीला अडचण नाही."

"यादीतला भाग अन् क्रमांक सांगा," वकील म्हणाले.

"भाग एकशे बारा. क्रमांक चारशे सात."

पोराची जन्मतारीख सांगावी तसं त्यानं सांगितलं. वकिलांनी ते वरच्या ओळीत भरलं आणि पेन त्याच्या हातात दिला. शेषराव शपथेसाठी उठून शर्ट खोचू लागला.

इनायतुल्लाचा हात फॉर्मवरून पलीकडे गेला. पालथा पडलेला अर्ज त्यानं सुलटा केला, आणि शिसपेनीच्या ओळींखाली शाईनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: भाग ११२, क्र. ४०७. त्याखाली सही केली.

"अबे, तिथं काय करून राह्यला? इथं कर ना सही!" शेषरावाच्या तोंडातला 'भाई' गळून पडला.

"शेठ, तुह्यं बियानं दोनदा पेरलं म्या. तिसऱ्यानं नाही पेरत."

"विचार करा," यशोधन हळूच म्हणाले. "जामीन एवढ्या लवकर पुन्हा कोणी बघणार नाही."

"नका पाहू."

त्यानं अर्ज उचलला आणि धुतल्या कापडावर, शपथेच्या कागदावरच ठेवला. "साहेब, आत्ता तुमीच मान हलवली. याले उभं कराले मी मतदार. अन् याले पाडाले मी कोनीच नाही. कसं काय?"

वामनरावांनी घड्याळ पाहिलं. "तीनच्या आत कागद पोचायचे आहेत. बाहेर थांबा. शपथ उरकू द्या."

इनायतुल्ला हलला नाही. दारातला शिपाई पुढे आला आणि साहेबांच्या तोंडाकडे पाहत तिथंच थांबला. इनायतुल्लानं टोपण न लावता पेन वामनरावांच्या हातात दिला.

"आता विनंती नाही, साहेब. जवाब पाहिजे. एकशे बारा, चारशे सात. मतदार हाय का नाही? लिहा."