सवतीचा हात

बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागला आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना रात्री दोन वाजता कुशीवर वळवायचं राहूनच गेलं. चार वाजता ती धडपडत त्यांच्या खोलीत धावली. पाठीची जखम चिघळली तर हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण सासूबाई भिंतीकडे वळून शांत पडल्या होत्या. जखम पुसलेली, गुडघ्यांमध्ये उशी, केसांची घट्ट वेणी. घराला आतून कडी होती.

"आई, कोण आलं होतं?"

"आपली वृंदा," सासूबाई जडावलेल्या जिभेनं म्हणाल्या. "म्हणाली, ती पोर एकटी किती करणार?"

वृंदा म्हणजे नवऱ्याची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी गेलेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक हिच्या गळ्यात होता. सवतीची बाधा होऊ नये म्हणून लग्नात सासूबाईंनी तो बांधला तेव्हा एवढी शिकलेली ती मनातल्या मनात हसली होती. आता तिनं तो मुठीत धरला. भीतीआधी रडूच आलं. लग्नानंतरच्या दीड वर्षात असं कुणी म्हणालंच नव्हतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाळ खुदकन हसलं, कुणीतरी उचलून घेतल्यासारखं.

"ताई," ती दारातूनच म्हणाली, "आईंना रोज बघा, पाया पडते. पण त्याला आधी खाली ठेवा."