लाल दोरा

उस्तादांनी सॉसेजचा तुकडा चावला, डोळे मिटले आणि बायकोकडे न बघताच ताटली पुढे सरकवली.

"परवा चिखल होता, काल खोडरबर. आज दोन्ही आहे."

बायको स्टुलावर बसली. तिच्या राजम्याच्या सॉसेजची ही तिसरी खेप होती. उस्तादांच्या छातीत कळ आल्यापासून डॉक्टरांनी सॉसेज, सलामी, हॅम साफ बंद केलं होतं, आणि सांगितलं होतं कुणाला? पस्तीस वर्षं सॉसेज बनवून विकलेल्या माणसाला! दुकान आता पुतण्याकडे होतं, घरापासून शंभर पावलांवर. तिचा राजमा घशाखाली उतरला नाही तर उस्ताद एक दिवस ती शंभर पावलं चालणार, हे ती ओळखून होती. त्या धास्तीने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"भरायच्या आधी चिमूटभर तळून चाखलंस?" त्यांनी विचारलं.

"राजमा तर शिजलेलाच असतो. त्यात काय चाखायचं?"

"अगं, मग काय डोंबल कळणार!"

उस्ताद उठले. खुंटीवरचा ॲप्रन किती महिन्यांनी अंगावर चढला. त्यांनी बटर पेपरच्या उरलेल्या गुंडाळ्या सोडल्या आणि राजमा-मशरूमचा गोळा परातीत मोकळा केला. चिमूटभर तळला, चाखला. "दाताखाली काही येत नाही." अक्रोड भरडून घातले. पुन्हा तळला. "धूर कुठाय?" मिरी आणि सुकी मिरची कोरड्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजली. दोघांनाही ठसका लागला, दोघंही हसत सुटले. मग त्यांचा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला. हात तिथेच थांबला, आणि जरा वेळाने लिंबाकडे वळला.

पाचवी चिमूट त्यांनी फार सावकाश चावली.

"मांसाची सर नाही याला," उस्ताद म्हणाले.

तिचा चेहरा पडला.

"राजम्याला कशाला हवी मांसाची सर?" तेच पुढे म्हणाले. "दे, गुंडाळू दे."

त्यांची बोटं झरझर चालली. बटर पेपर गुंडाळला, टोकं पिळली आणि दोऱ्यासाठी हात पुढे केला. दुकानात दोन दोरे असत. रोजच्या मालाला पांढरा. उस्तादांनी जातीने चाखून पसंत केलेल्याला लाल, आणि त्यात ते सख्ख्या भावाचीही भीड ठेवत नसत. बायकोने पस्तीस वर्षं त्यांच्या बरोबरीने माल भरला होता, पण तिच्या हातच्याला लाल दोरा कधी लागला नव्हता. तिने खणातून पांढरा काढून दिला.

उस्तादांनी तो बाजूला ठेवला.

"हा नव्हे गं. लाल कुठे ठेवलास?"

बायकोने आपल्या ॲप्रनच्या खिशात हात घातला. लाल रीळ परवापासून तिथेच होतं.