चव्वेचाळीस ओहम

"सगळं बंद केलंत ना, वहिनी?" मिलोरादने विचारलं.

देसांकाने मान हलवली. फ्रिजची पिनसुद्धा तिने काढून ठेवली होती.

आठवड्यात तिसऱ्यांदा मेन फ्यूज उडाला होता आणि त्याला हात लावायचा अधिकार गावात एकट्या मिलोराद वायरमनला होता. नाहीतर त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायची तिची छाती झाली नसती. एक्क्याण्णवचा ऑक्टोबर होता, देश फुटून लढाई पेटली होती. पोरांना सैन्यात बोलावणारे कागद घरोघर येत होते, आणि लपून बसलेल्यांना कान धरून बाहेर काढा, असं गुत्त्यात सगळ्यात मोठ्याने मिलोरादच म्हणायचा. आपला पोरगा नेबोयशा व्हिएन्नाला कामाला गेलाय, असं देसांकाने गावभर सांगितलं होतं. तो वर माळ्यावर तापाने फणफणत पडला होता.

मिलोरादने नवा फ्यूज बसवला आणि तारेला चिमट्याचा मीटर लावला. काटा पाचावर जाऊन थांबला.

"पाच अँपिअर. सगळं बंद असताना."

वरची विजेची शेगडी बंद कर म्हणून देसांकाने पोराला बजावलं होतं; तापाच्या गुंगीत विसरला असणार. ती म्हणाली, घर जुनं आहे, कुठेतरी वीज गळत असेल. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

मिलोराद हसला. कानावरची पेन्सिल काढून त्याने भिंतीवरच आकडे मांडले. दोनशे वीस व्होल्ट गुणिले पाच, अकराशे वॅट. दोनशे वीस भागिले पाच, चव्वेचाळीस ओहम. मग मास्तरासारखा तो समजावू लागला. गळती असती तर काटा नाचला असता. हा तर जागचा हलत नाही. विजेला इतकी नेमकी अडवते ती शेगडीची तारच.

"भुताला थंडी वाजत नाही, वहिनी. शेकतंय कोण?"

तेवढ्यात दोघांच्या डोळ्यांदेखत काटा शून्यावर येऊन पडला. वर कुणीतरी बटण बंद केलं होतं.

देसांका भिंतीला धरून खाली बसली. संपलं सगळं. आईचं खोटं सांभाळायला जाऊन पोराने आपल्याच हाताने स्वतःला पकडून दिलं.

मिलोराद छताकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नुसती चेष्टा करायला गेला होता तो.

"एकुलता एक आहे, भाऊ," ती कशीबशी म्हणाली.

थुंकी लावलेल्या अंगठ्याने त्याने भिंतीवरचे आकडे घासून पुसले. मग स्टुलावर चढून माळ्याकडे गेलेली तार दोन बोटांत धरून पाहिली.

"फार बारीक आहे. उद्या जाड तार आणतो."

"कशाला? एका शेगडीला पुरते की ही."

"एकीला पुरते." गुत्त्यात कुणी कधी ऐकला नसेल इतका त्याचा आवाज खाली आला. "आमच्या पोराला, बोयानला, काल कागद आला, वहिनी. त्याला थंडी फार बाधते."