उघड्या दंडावरचे दोरे

"मामा, दारू प्यायल्यावर नसलेलं दिसतं का रे?"

विचारलं एकदाचं! मैत्रिणींनी डिवचलं होतं, दम असेल तर मामालाच विचार म्हणून. शाळेत नर्सबाई नशेवर बोलून गेल्यापासून सगळ्या वर्गाला हाच एक प्रश्न पडला होता.

ती स्टुलावर उभी होती. अंगात न्यायाधीशाचा काळा झगा, शाळेच्या नाटकातला. एक बाही लागलेली, दुसरा हात दंडापासून उघडा. मामा खाली बसून झग्याच्या घेराला टाचण्या लावत होता.

"भोंगा!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. घरात तिला सगळे भोंगाच म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. "मोठ्या माणसाला असं विचारतात?"

मामानं ओठांतल्या टाचण्या काढल्या. नीट विचार केला.

"नसलेलं? छे गं. असलेलंच जरा बरं दिसतं."

भोंगा एवढी हसली की स्टूल डुगडुगलं. मामाही हसला. मग त्यानं पुन्हा टाचणी उचलली, पण ती काही कापडात जाईना. हात नुसता लटलटत होता. खडूची रेघ तर अशी वाकडीतिकडी, की आयुष्यभर सरळ शिवण घालणाऱ्या माणसाची ती वाटेचना. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"विष बाहेर पडतंय ते," बाबा पेपर खाली ठेवत म्हणाले. "दादा, मानलं तुम्हाला. औषध नाही, डॉक्टर नाही. परवा ठरवलंत आणि बाटलीला हात लावला नाहीत."

"माझा भाऊ आहे शेवटी," आई पदर खोचत दारात आली. तिनंच त्याला हट्टानं घरी आणलं होतं. कालपासून ती तीन-तीनदा त्याचं कपाळ पुसत होती, आणि शेजारणीला अभिमानानं सांगतही होती.

मामानं गुडघ्यांवर उठून हात वर केला आणि भोंगाच्या दंडावरून हलकेच एक दोरा काढला. मग आणखी एक.

ही त्याची जुनीच खोड. समोरच्याच्या अंगावर दोरा दिसला की त्याला राहवायचं नाही. एकदा भर रस्त्यात त्यानं एका पोलिसाच्या खांद्यावरचा दोरा काढला होता आणि वर त्याला "आता ठीक" असंही म्हणाला होता.

"बघा! दारू सुटली, पण दोरे वेचणं काही सुटत नाही," आई म्हणाली. सगळे हसले. भोंगाही हसली.

"पांढरे कुठून आले गं एवढे?" मामा पुटपुटला. "काळ्यावर लगेच दिसतात."

भोंगानं मशीनकडे पाहिलं. मशीनवर काळं रीळ होतं. मग तिनं आपल्या दंडाकडे पाहिलं. तिथे काळं कापड नव्हतं. कसलंच कापड नव्हतं. मामानं हवेतून एक दोरा ओढला, बोटाला व्यवस्थित गुंडाळला, आणि त्याचं टोक दातांनी तोडलं.

भोंगानं आपला उघडा दंड चाचपून पाहिला.

नर्सबाईंचं पहिलं बोलणं वर्गानं खिदळण्यात घालवलं होतं. शेवटचं कुणी ऐकलंच नव्हतं. तिच्या मात्र ते कानात राहिलं होतं: रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं, अंगाला कापरं भरलं, घाम सुटला आणि नसलेलं दिसायला लागलं, तर कौतुक करत बसू नका. झटके येतात. माणूस जातो. तसाच उचला आणि दवाखान्यात आणा.

"मामा," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातावर दोरा नाहीये."

"हा काय."

"नाहीये रे."

त्यानं आपलं बोट डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग लहान मुलासारखं विचारलं, "मग हे कुणाचे गं?"

आईचं हसू तोंडावरच राहिलं.

"दवाखान्यात न्यायचं त्याला. आत्ता," भोंगा म्हणाली.

"हळू बोल, शेजारी ऐकतील!" आई म्हणाली, पण पुढे येऊन तिनं मामाच्या कपाळाला हात लावला.

"अगं, एवढी कळ काढली त्यांनी," बाबा म्हणाले. "आता नेलं तर लोक म्हणतील, जमलं नाही."

"मी हरलो नाही, भोंगा," मामा म्हणाला. "सांग त्यांना."

ती स्टुलावरून उतरली आणि टाचण्या टोचत असतानाही त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. त्याचा लटलटणारा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"मामा, मशीनमध्ये दोरा गुंतला तर काय करतोस? जोरात पाय मारतोस?"

"वेडी आहेस का? सुई मोडेल." शिवणकामाचं म्हटल्यावर त्याचे डोळे क्षणभर निवळले. "हातानं चाक फिरवायचं. हळूहळू."

"तिथे तसंच करतात. औषध देऊन, हळूहळू. नर्सबाईंनी सांगितलंय. सुई मोडू देत नाहीत."

मामानं तिच्याकडे पाहिलं. मान हलवली की नुसतीच हलली, कळलं नाही. हात मात्र त्यानं सोडवून घेतला नाही.

भोंगा उठली. आपल्या नेहमीच्या, भिंतीपलीकडे जाणाऱ्या आवाजात बोलली, आणि या वेळी तिला कुणीच हळू बोल म्हटलं नाही.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी मामाला घेऊन निघाले, ह्याच झग्यात. तुम्ही गाडी बोलवा. काय झालंय ते तिथे मी सांगणार, सगळं, खरं खरं. आणि ही दुसरी बाही मामाच लावणार, बरा होऊन घरी आल्यावर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नाटक आधी आलं, तर मी एका बाहीची न्यायाधीश!"