टेकडीवरची सून

चिमट्याची टोकं निखाऱ्यांत लाल झाली होती.

"फेलिम, तिचे हात धर," होनोरा मुलाला म्हणाली.

फेलिम जागचा हलला नाही. समोर बाकावर त्याची बायको उना बसली होती. बाळंत होऊन सहा आठवडे झाले होते, त्यातले चार ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. बाळ रडलं तरी तिची मान वळत नव्हती. दारातून दिसणाऱ्या टेकडीकडे ती बघत राहायची.

"ही आपली उना नाहीच मुळी," होनोरा म्हणाली. "टेकडीच्या पोटात राहणाऱ्या त्या अदृश्य लोकांनी, त्या 'भल्या माणसांनी', आपली नेली, त्यांची पोरं पाजायला. आणि तिच्या रूपाचं हे ध्यान आपल्या गळ्यात मारलं. तापलं लोखंड टेकवलं की पळेल, आणि आपली येईल परत."

"आणि नाही पळाली तर?"

"सगळा गाव सांगतोय, तो काय वेडा आहे?"

तेवढ्यात सोरखा दारात आली. गावाची म्हातारी सुईण. फेलिमही तिच्याच हातावर जन्मला होता. टेकडीतल्यांचं काही असलं की तिचा शब्द शेवटचा, म्हणून होनोरानंच तिला बोलावणं धाडलं होतं.

सोरखानं चिमटा पाहिला. मग उनापुढे गुडघे टेकून बसली, तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. उनानं हात काढून घेतला नाही.

"तुझं खरं आहे होनोरा," ती शेवटी म्हणाली. "नेलीय तिला."

होनोरानं चिमटा उचलला.

"ठेव तो खाली."

"मग हिला काय मांडीवर घेऊन बसू?"

"आपली उना आत्ता त्यांच्या घरात बसलीय. परक्याची पोर, त्यांच्या ताब्यात. तू इथे हिला जे करशील, तेच ते तिकडे तिला करणार. हिला उपाशी ठेवलंस तर ती उपाशी. हिला भाजलंस तर..."

होनोराचा हात हवेतच थांबला. "हे मला कुणी कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

"मग करू काय मी?"

"लोणी घालून बटाटे दे. कोमट दूध दे. अंथरूण चुलीजवळ घाल. घटकाभरही एकटी सोडू नकोस. बोलत राहा, उत्तर नाही आलं तरी. बाळ जवळ ने. घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर रागवायचं नाही."

"किती दिवस?"

"त्यांना पाझर फुटेपर्यंत."

फेलिम तिला दगडी कुंपणापर्यंत सोडायला गेला. "मावशी, खरं सांग. माझी उना तिकडे आहे की इथे?"

सोरखानं शाल सारून हात पुढे केला. कोपराखाली जुना, सुरकुतलेला डाग होता. "दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही गेले होते तिकडे."

"मग या डागानं परत आलीस?"

"वेडा की काय! डागल्यावर तर आणखी वर्षभर तिकडेच राहिले."

होनोरानं उनाला भरवायला सुरुवात केली ती नाइलाजानं, हात लांब ठेवून. "खा गं बाई. आमच्या पोरीलाही तिकडे कुणी भरवत असेल." पुढे ती तिचे केस विंचरू लागली. गाय आटल्याचं, शेजारणीच्या भांडणाचं सांगू लागली. मग एक दिवस, फेलिम जन्मल्यावर त्याचं तोंडही बघावंसं वाटत नव्हतं, हेही तिनं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. ही तर परकी, जाऊन सांगणार कुणाला?

त्या दिवशी उनानं पहिल्यांदा टेकडीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

वसंत लागला. एका सकाळी होनोरा बाळाला कपडे चढवत होती. ते हातपाय झाडत होतं.

"उलटं घातलंत झबलं," मागून आवाज आला. घोगरा, वापर नसलेला.

होनोरा वळली. उनानं दोन्ही हात पुढे केले होते. "द्या इकडे त्याला."

फेलिम शेतातून धावत आला, तेव्हा सासूच्या मांडीवर सुनेचं डोकं होतं आणि सुनेच्या कुशीत बाळ होतं. तिघंही रडत होती. बाळ तेवढं भुकेनं.

रविवारी चर्चच्या पायरीवर शेजारीण ब्रीडनं होनोराला गाठलं.

"आली म्हणे तुमची उना."

"आली. देवाची कृपा."

"आणि ती दुसरी? टेकडीवरची? पळाली ना शेवटी?"

होनोरानं टेकडीकडे पाहिलं. तिथे अजून गार वारा होता.

"पळाली काय म्हणतेस? गरीब होती बिचारी. इतके दिवस माझ्या हातचं खाल्लं, एका शब्दानं दुखावलं नाही मला." ती क्षणभर थांबली. "तिच्या घरचे तिला नीट बघत असतील ना गं?"